१६८व्या दिवशी लिहिलेला अभिप्राय

मुरमांवरचे ॲडापलीन ०.१ टक्के जेल, सिरॅमाइड असलेले मॉइश्चरायझर, एसपीएफ ५० चे सनस्क्रीन, नायसिनामाइड ५ टक्के सीरम, व्हिटॅमिन सी सीरम आणि डोळ्यांखाली लावायचे एक क्रीम, अशा सहा वस्तू मी ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या तारखेपर्यंत वापरल्या आणि कोणती वस्तू किती दिवसांत काय करते, याची वहीत नोंद ठेवली. ब्रँडची नावे मुद्दाम देत नाही. एकाच घटकाची, त्याच प्रमाणातील चार-पाच उत्पादने नाशिकच्या कोणत्याही मोठ्या मेडिकलमध्ये मिळतात, आणि माझा अनुभव त्या घटकांचा आहे. विकत घेण्यापूर्वी मी इतरांचे अभिप्राय भरपूर वाचले होते. त्यांतील बहुतेक पहिल्या दहा-बारा दिवसांत लिहिलेले होते: ‘एक आठवडा झाला, काही फरक नाही’ म्हणून एक तारा, किंवा ‘दुसऱ्याच दिवशी चेहरा चमकला’ म्हणून पाच तारे. छाटणीच्या आठव्या दिवशी बागेत जाऊन द्राक्षे कुठे आहेत, असे विचारण्यासारखेच हे आहे.

ही उपमा मला सुचली, कारण माझे माहेर निफाड तालुक्यातले, द्राक्षबागायतदारांचे. आमच्याकडे बागेचे वय छाटणीपासूनच्या दिवसांनी मोजतात. ‘बाग किती दिवसांची झाली?’ असे विचारले की समोरचा ‘पंचेचाळीस’ असे सांगतो, आणि तेवढ्यावरून ऐकणाऱ्याला बागेत आता काय असणार, काय असणे शक्य नाही आणि काय नसल्यास काळजी करावी, हे सगळे कळते. यंदा माहेरी नानांची ऑक्टोबर छाटणी आणि माझे जेल एकाच आठवड्यात सुरू झाले, त्यामुळे मीही चेहऱ्याचे दिवस तसेच मोजू लागले. नानांना ही गंमत कळल्यापासून ते फोनवर प्रकृती विचारण्याऐवजी ‘काय गं, तुझी बाग किती दिवसांची झाली?’ असे विचारत.

दिवस मोजण्याला शास्त्रीय आधारही आहे. आपली बाह्यत्वचा तळापासून तयार होत वर सरकते. तळाशी जन्मलेली पेशी वर येताना चपटी होत जाते, शेवटी मरते, मृत पेशींच्या थरात काही दिवस राहते आणि मग गळून पडते. या प्रवासाला तरुणपणी साधारण चार आठवडे लागतात आणि वय वाढते तसा हा काळ सहा आठवडे किंवा त्याहूनही लांबतो. म्हणजे डागांवरच्या औषधाने आज तळाशी काम सुरू केले, तरी आज आरशात दिसते ती त्वचा महिन्या-दीड महिन्यापूर्वी तयार झालेली असते. ओलावा मात्र सर्वांत वरच्या मृत थरातच धरला जातो, म्हणून मॉइश्चरायझरचा परिणाम पाच मिनिटांत जाणवतो. मुरमाची सुरुवात तो डोळ्यांना दिसण्याच्या कित्येक आठवडे आधी छिद्राच्या आत झालेली असते. मुरूम बसल्यावर राहिलेला तपकिरी डाग वरच्या थरात असेल तर तो काही महिन्यांत फिकटतो, पण निळसर-राखाडी दिसणारा, खाली उतरलेला डाग वर्षानुवर्षे राहू शकतो. सुरकुत्यांसाठी तर आणखी खालच्या थरात नवे कोलॅजेन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन, तयार व्हावे लागते आणि त्याला तीन ते सहा महिने, कधी अधिकही, लागतात. त्यामुळे ‘या क्रीमचा परिणाम किती दिवसांत दिसतो?’ हा प्रश्नच अपुरा आहे. परिणाम कशावर, हे आधी ठरवावे लागते.

खोक्यावरचे ‘सात दिवसांत’ हे शब्द वाचताना म्हणूनच त्यापुढचे वाक्य पूर्ण वाचावे. ते बहुधा ‘त्वचा अधिक तेजस्वी दिसते’ असे असते, आणि सगळी मेख त्या ‘दिसते’मध्ये असते. अभ्रकाची बारीक पूड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड घातलेले क्रीम लावताच चेहरा उजळ दिसतो आणि तोंड धुताच पूर्ववत होतो. त्यासाठी सात दिवससुद्धा लागत नाहीत. ‘इतक्या टक्के महिलांना फरक जाणवला’ या वाक्यापुढील चांदणीचा माग काढत खोक्याच्या तळाशी गेल्यास तो त्या महिलांनी स्वतः भरून दिलेल्या प्रश्नावलीचा निष्कर्ष असल्याचे अनेकदा आढळते. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या तपासणी विभागात काम करते. आमच्याकडे ‘कामगारांना भाग चांगला वाटला’ अशी नोंद करून माल बाहेर पाठवता येत नाही.

आता मुख्य वस्तूकडे, म्हणजे जेलकडे येते. ॲडापलीन हे अ-जीवनसत्त्वाच्या कुळातील, रेटिनॉइड गटातील औषध आहे. अमेरिकेत त्याला १९९६मध्ये मान्यता मिळाली आणि २०१६पासून ०.१ टक्क्याचे जेल तेथे चिठ्ठीशिवाय मिळते; मी मात्र ते गंगापूर रोडवरील त्वचारोगतज्ज्ञ बाईंच्या सल्ल्यानेच घेतले, आणि गर्भवती असलेल्या किंवा तसा विचार असलेल्या स्त्रियांनी हा गट टाळायचा असतो, हेही त्यांनी चिठ्ठी लिहिण्यापूर्वीच विचारून घेतले. जेल हातात देताना त्या म्हणाल्या, “तीन महिन्यांच्या आत ‘फरक नाही’ म्हणून फोन करू नका. चेहरा सुजला किंवा सहन होणार नाही इतकी आग झाली, तर मात्र त्याच दिवशी करा.” रात्री चेहरा धुऊन, पूर्ण कोरडा होऊ देऊन, संपूर्ण चेहऱ्याला मिळून हरभऱ्याच्या दाण्याएवढे जेल लावायचे, पहिले तीन आठवडे दर तिसऱ्या रात्री, नंतरचे तीन आठवडे एक रात्र सोडून आणि त्यानंतर रोज, असा क्रम त्यांनी आखून दिला. जेल फक्त दिसणाऱ्या मुरमावर टेकवायचे नसते, हे मला छत्तिसाव्या वर्षी कळले. जो मुरूम अजून दिसत नाही, त्यासाठीच ते असते.

पहिल्या दिवशी माझ्या चेहऱ्यावर ११ मुरूम होते. पाचव्या दिवशी नाकाच्या कडा कोरड्या पडल्या, नवव्या दिवशी साल निघू लागली आणि बाराव्या दिवसापासून हनुवटीवर नवीन मुरूम येऊ लागले. एकोणिसाव्या दिवशी मी १७ मुरूम मोजले, आणि त्याच दिवशी भाऊबीज होती. अभ्यंगस्नानाला आत्याबाईंनी दुधात भिजवलेले उटणे मी चेहऱ्याला लावू दिले नव्हते, कारण आधीच सोलवटलेल्या त्वचेवर ते घासणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे झाले असते. त्यामुळे ‘ट्यूबमधले चालते, घरचे चालत नाही, बघा आता काय झाले ते’ हे वाक्य मला चार दिवसांत तीन वेळा ऐकावे लागले. ओवाळणीच्या फोटोत मी हनुवटीवर पदर धरून बसलेली आहे. जेलने छिद्रांतील पेशींची उलाढाल वाढते, त्यामुळे आत दडलेले मुरूम एकदमच वर येतात, आणि पहिल्या महिन्यात अनेकांच्या वाट्याला हे येते. ते नेहमीच्याच जागी येतात आणि काही आठवड्यांत ओसरतात. याउलट खाज, सूज, किंवा कधीच मुरूम न येणाऱ्या जागी पुरळ आले, तर तो वेगळा प्रकार असतो आणि तेव्हा थांबून डॉक्टरांना दाखवावे लागते.

येथे एक कबुली द्यायला हवी. हेच जेल मी गेल्या पाच वर्षांत दोन वेळा आणले होते आणि दोन्ही वेळा अठराव्या-विसाव्या दिवशी ‘मला हे सोसत नाही’ असे ठरवून बंद केले होते. जवळपास भरलेल्या त्या दोन्ही ट्यूब मुदत संपून कपाटात पडल्या होत्या. म्हणजे प्रत्येक वेळी मी सर्वांत वाईट दिवस सोसले आणि त्यानंतरचा भाग मात्र पाहिलाच नाही. या वेळी थांबले, ते केवळ वहीमुळे.

छपन्नाव्या दिवशी मुरूम ९ होते. म्हणजे दोन महिन्यांनी मी सुरुवातीच्या जागेपासून जेमतेम दोन पावले पुढे आले होते, आणि अभिप्राय तेव्हा लिहिला असता तर मी तीनच तारे दिले असते. चौऱ्याऐंशीव्या दिवशी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, ते ४ झाले. नानांच्या बागेत तेव्हा मण्यांत पाणी उतरू लागले होते. आज १६८व्या दिवशी एक आहे, तोही मासिक पाळीच्या आधीचा, नेहमीचा. दरम्यान १५ ग्रॅमच्या दोन ट्यूब संपून तिसरी चालू आहे. मुरूम गेले म्हणून जेल लगेच बंद करायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे, कारण छिद्रे पुन्हा बुजायला कुणाची परवानगी लागत नाही.

मॉइश्चरायझरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण ते सांगितलेले काम सांगितलेल्या वेळेत करते. ताण तत्काळ कमी होतो; त्वचेची ओलावा धरून ठेवण्याची स्वतःची क्षमता सुधारायला मात्र दोन ते चार आठवडे द्यावे लागतात. त्याची खरी कसोटी डिसेंबरात लागली. निफाडचा पारा एक अंकी झाला, नाशिकची हवा कोरडी पडली, नेमके तेव्हाच जेल रोज रात्री लावणे सुरू झाले होते, आणि दोन रात्री गालांची अशी आग झाली की मी जेल थांबवले. मग आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर, त्यावर जेल, पुन्हा मॉइश्चरायझर, अशी रचना केली आणि तक्रार मिटली. सुगंध नसलेले घ्या, एवढेच सांगते.

सनस्क्रीनचा परिणाम किती दिवसांत दिसतो, याचे उत्तर विचित्र आहे: संरक्षण पहिल्याच दिवसापासून मिळते, पण दिसत काहीच नाही, कारण जो डाग गडद झाला असता तो झाला नाही, एवढीच त्याची कमाई. मी इंदिरानगरहून पाथर्डी फाट्यामार्गे अंबडला स्कूटीने जाते, स्कार्फ बांधते आणि कार्यालयात खिडकीलगत बसते. काचेतून अतिनील किरणांपैकी ‘ए’ प्रकारचे किरण बऱ्याच प्रमाणात आत येतात, हे माझ्या उजव्या गालाने मला आधीच शिकवले होते. घोटाळा सनस्क्रीनच्या मात्रेत होतो. खोक्यावरचा एसपीएफ प्रति चौरस सेंटिमीटर २ मिलिग्रॅम एवढा थर लावून मोजलेला असतो. चेहरा आणि मान यांसाठी तो दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघांएवढा, म्हणजे अंदाजे एक ग्रॅम होतो. माझी ५० ग्रॅमची ट्यूब पूर्वी पाच महिने पुरत असे. भागाकार केल्यावर लक्षात आले की, मी रोज एक तृतीयांश ग्रॅमच लावत होते आणि वर ‘सनस्क्रीन लावूनही डाग जात नाहीत’ अशी तक्रार करत होते. आता सकाळी एक ग्रॅम आणि जेवणाच्या सुटीत पुन्हा एकदा, या हिशेबाने ट्यूब महिनाभरही टिकत नाही. सहा वस्तूंमध्ये एकूण खर्चात सर्वांत महाग हीच पडली, आणि दोनच घ्यायच्या झाल्या तर जेलबरोबर मी हीच घेईन. रेटिनॉइडने त्वचा उन्हाला अधिक हळवी होते, त्यामुळे हिच्याशिवाय जेल लावण्यात अर्थ नाही. घाम आणि स्कार्फ यांनी थर पुसला जातो, हा दोष मात्र कोणत्याच ब्रँडने पूर्णपणे दूर केलेला दिसत नाही.

आता थोडे विषयांतर वाटेल, पण तेच या सगळ्याच्या मुळाशी आहे. माझ्या आयुष्यातील सर्वांत जलद परिणाम एका तिसऱ्याच ट्यूबने दिला होता. नात्यातील एका लग्नाआधी मला कुणीतरी आपुलकीने ती सुचवली आणि घराजवळच्या एका मेडिकलमधून ती चिठ्ठीशिवाय सहज मिळाली. चौथ्या दिवशी मुरूम बसले, दहाव्या दिवशी चेहरा दोन छटांनी उजळला, आणि लग्नात जो तो विचारत होता. तीत स्टेरॉइड, रंग उजळवणारे हायड्रोक्विनोन आणि रेटिनॉइड गटातील ट्रेटिनॉइन होते. स्टेरॉइडने त्वचेखालील रक्तवाहिन्या आकसतात आणि दाह दबतो, म्हणून चेहरा चार दिवसांत गोरा आणि नितळ वाटतो. या तिहेरी मिश्रणाचा मूळ प्रयोग अमेरिकन त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९७५मध्ये मांडला, आणि वांगासाठी डॉक्टर आजही अशी मिश्रणे देतात, परंतु देखरेखीखाली आणि मोजक्या आठवड्यांसाठी. मी ते पाच महिने लावले. बंद करताच चेहरा लालबुंद झाला, उन्हात उभे राहवेना, गालांवर बारीक लव आली आणि पूर्वी होते त्याच्या दुप्पट मुरूम उठले. पुन्हा लावले की दोन दिवसांत सगळे शांत होत असे. सुटका नव्हती ती यामुळेच. त्वचारोगतज्ज्ञांकडे या अवस्थेला ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचे स्वतंत्र नावच आहे, आणि २०१८मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असे नियमात आणले. मला त्यातून बाहेर पडायला जवळपास वर्ष लागले. तेव्हापासून कोणी ‘चार दिवसांत गुण आला’ असे सांगितले की मी आधी ट्यूब उलटी करून घटक वाचते. नावाच्या शेवटी ‘सोन’, ‘सोल’ असे काही दिसले की ती परत ठेवते.

नायसिनामाइड सीरमची परीक्षा मी अधिक काटेकोरपणे घेतली. रंगद्रव्य तळाच्या मेलॅनोसाइट पेशींत तयार होते आणि तेथून आजूबाजूच्या पेशींत पोहोचवले जाते. नायसिनामाइड या पोहोचवण्यात अडथळा आणते. आधीच पोहोचलेला रंग मात्र पेशींबरोबर वर येऊन गळून जाईपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून सत्तावन्नाव्या दिवसापासून आठ आठवडे मी सीरम फक्त डाव्या गालावर लावले आणि दर रविवारी सकाळी आठ वाजता त्याच खिडकीत दोन्ही गालांचे फोटो घेतले. पहिल्या दोन रविवारचे फोटो वाया गेले, कारण फोनमधील सौंदर्य वाढवणारी सोय चालू राहिली होती आणि त्या फोटोंत मला डागच काय, छिद्रेसुद्धा नव्हती. चार आठवड्यांनी दोन्ही गालांत काहीच फरक नव्हता. आठ आठवड्यांनी, रथसप्तमीच्या सुमारास, फोटो शेजारी ठेवल्यावर डाव्या गालावरील डाग किंचित फिकट दिसले. पण ते फोटो आईला दाखवून ‘कोणता गाल उजळ?’ असे विचारले, तेव्हा तिने उजव्या गालावर बोट ठेवले. खिडकी उजवीकडे होती, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. माझे मत असे की, सीरम काम करते, परंतु जेल आणि सनस्क्रीन यांनी जे केले त्यावर ते वरचा हात फिरवते. पैसे उरत असतील तर घ्यावे. बाजारात १० टक्क्यांचेही मिळते. माझ्यासाठी ५ टक्के पुरेसे ठरले आणि त्याने चेहरा लाल झाला नाही.

मधल्या काळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या वहिनींनी ‘चेहरा छान दिसतोय, काय लावतेस?’ असे विचारले. मी जेलचे नाव सांगितले. ते त्यांनी लक्षपूर्वक ऐकले. पुढे ‘तीन महिने लागतात, आणि पहिला महिना वाईट जातो’ असे सांगताच त्यांनी माझ्या हातात तिळगूळ ठेवला आणि साडीबद्दल विचारले.

व्हिटॅमिन सी सीरमला न्याय देता आलेला नाही. मेन रोडवरील एका दुकानात विक्रेतीने ‘सात दिवसांत टॅन जाईल, ताई’ असे सांगून ते दिले. एल-ॲस्कॉर्बिक आम्ल हवा, प्रकाश आणि उष्णता यांनी लवकर खराब होते. ताजे द्रावण रंगहीन किंवा अगदी फिकट पिवळे असते आणि बिघडत गेले की पिवळे, मग तपकिरी होते. माझी बाटली पारदर्शक होती, काचेच्या कपाटात दुपारच्या उन्हासमोर मांडलेली होती आणि घरी उघडली तेव्हा आतले द्रावण कोऱ्या चहाच्या रंगाचे होते. परत न्यायला गेले तर ‘सगळ्यांचा रंग असाच असतो’ असे उत्तर मिळाले. घेणार असाल तर गडद काचेची किंवा हवाबंद पंपाची बाटली घ्या, उत्पादनाची तारीख पाहा, दुकानातच रंग पाहा, आणि सात दिवसांऐवजी बारा आठवड्यांची तयारी ठेवा.

राहिले डोळ्यांखालचे क्रीम. ते आकाराने सर्वांत लहान आणि ग्रॅममागे सर्वांत महाग होते. कॅफीनमुळे सकाळची सूज थोडा वेळ उतरते, ते पहिल्याच दिवशी दिसले आणि दुपारपर्यंत टिकले. काळी वर्तुळे मात्र ‘नियमित वापराने’ जातील असे खोक्यावर होते. नियमितपणात मी कसूर केली नाही. बारा आठवडे पूर्ण केले, फोटो काढले, वहीत दर रविवारी ‘फरक नाही’ असे लिहिले, आणि जेलच्या अनुभवाने शहाणी होऊन आणखी एक आठवडा दिला. त्या तेराव्या आठवड्यात आई जुना अल्बम घेऊन आली होती. त्यात आजीचा वयाच्या तिशीतला, नऊवारीतला एक कृष्णधवल फोटो आहे. त्यावर बोट ठेवून आई म्हणाली, “अगं, आपल्या घरात सगळ्यांचे डोळे असेच.”